रिकाम्या पाइपातली गडबड

रविवारी सकाळी अप्पांचा फोन. आमचं गाव औंढा नागनाथच्या जवळ, हिंगोली जिल्ह्यात.
"ते चार-चार किलोमीटरचे पाइप टाकून काय करणारेत रे? आत म्हणे काहीच नसतंय."

एरवी "नंतर सांगतो" म्हणून कटवलं असतं. बारा वर्षं कोड पाडतोय, पण नेमकं काय करतो हेही त्यांना कधी धड सांगितलेलं नाही. म्हटलं, आज बसूच.

तर लायगो-इंडिया. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी मंजूर केले ते हेच. लेझरचा किरण काटकोनातल्या दोन पाइपांत विभागला जातो, टोकाच्या आरशांवरून परततो, आणि परतलेले किरण एकमेकांना जवळपास पुसून टाकतात. गुरुत्वीय लहर गेली की पाइपांतलं अंतर किंचित बदलतं आणि थोडा प्रकाश निसटतो. किंचित म्हणजे किती? १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत पहिली लहर सापडली, तेव्हाचा बदल प्रोटॉनपेक्षा शेकडो पटींनी लहान होता!

"मग अडचण काय?"

अडचण त्या 'काहीच नाही'मध्येच आहे. हवा काढा, दिवे घालवा, तरी प्रकाशाचं क्षेत्र शून्यावर गप्प बसत नाही, थरथरत राहतं. मला इतकी वर्षं वाटायचं, हा नॉईज लेझरचाच असणार. पण कार्लटन केव्हज यांनी १९८०-८१ मध्ये दाखवलं की तो उलट्या दाराने शिरतो.. जिथून निसटलेला प्रकाश मोजायचा, त्याच अंधाऱ्या तोंडातून! एक थरथर मोजणी बिघडवते, दुसरी ४० किलोच्या आरशांना ढकलते. (हो, ४० किलो. हे ढकलणं मोजल्याचा पेपर २०२० मध्ये आला. मी दोनदा वाचला.)

उपाय असा, की त्याच दारातून 'स्क्वीझ' केलेली थरथर आपणच सोडायची. एक दाबली की दुसरी वाढते, हायझेनबर्ग तेवढी सूट देत नाही. म्हणून २०२३ पासून ३०० मीटरची एक जादा नळी लावून खालच्या फ्रिक्वेन्सीला एक दाबतात, वरच्या फ्रिक्वेन्सीला दुसरी. आम्ही ट्रेड-ऑफची नुसती स्लाइड टाकतो..

पलीकडे शांतता. मला वाटलं, लाइन कटली.

"गादीत कापूस जास्त झाल्यावानी," अप्पा म्हणाले. "इकडं दाबलं की तिकडं फुगतंय. आपण झोपतो तेवढी जागा सपाट करून घ्यायची."

मी गप्पच. मग विषय पावसावर गेला.