रेसकोर्सवरचे हुतात्मे

अमेरिकेच्या दक्षिण भागात, अटलांटिकच्या काठी, चार्ल्सटन नावाचे जुने बंदर आहे. प्रवाशाला तेथे घोडागाडीतून फिरवतात, उंच खांबांचे वाडे आणि रंगीत घरे दाखवतात. ते वैभव कोणाच्या घामावर उभे राहिले? अमेरिकेत आणून विकलेल्या आफ्रिकी माणसांपैकी सुमारे ४० टक्के माणसे याच बंदरात उतरवली गेली, असा अंदाज आहे. ज्या गॅड्सडेन धक्क्यावर ती उतरली, तेथे २०२३ साली त्यांच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले.

पण वाचकहो, मला सांगायचे आहे ते हॅम्प्टन पार्कविषयी. या बागेभोवती एक लंबगोल रस्ता आहे. सकाळी लोक त्यावर धावतात. हा रस्ता मुळात शर्यतीच्या घोड्यांचा! मळेवाल्या धन्यांचा हा रेसकोर्स.

यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजेने या मैदानाचा तुरुंग केला. उत्तरेचे पकडलेले सैनिक तेथे उघड्यावर कोंडले. उपासमारीने, रोगराईने निदान २५७ जण मेले. त्यांना घाईघाईने खड्ड्यांत पुरून टाकले.

फेब्रुवारी १८६५ मध्ये शहर पडले. धनी पळाले, मागे राहिले ते बहुतेक कालपर्यंतचे गुलाम. पोटाची भ्रांत, डोक्यावर छप्पर नाही, अशा अवस्थेत त्या माणसांनी काय करावे? एप्रिलमध्ये काळ्या मजुरांनी ती प्रेते उकरून काढली, एकेकाला रीतसर पुरले, भोवती कुंपण घालून त्याला चुना लावला आणि कमानीवर लिहिले, ‘रेसकोर्सवरचे हुतात्मे’. मजुरी देणारे कोणी नव्हते.

१ मे १८६५ रोजी दहा हजार लोक जमले. पुढे तीन हजार काळी मुले, हातांत गुलाब, तोंडी जॉन ब्राऊनचे गाणे. याच राज्यात गुलामाला लिहायला शिकवणे कायद्याने गुन्हा होता, आणि आता ही शाळेची मुले! मागून बाया फुलांच्या परड्या घेऊन आल्या. कबरी फुलांनी झाकून गेल्या. काळ्या पलटणींनी संचलन केले. मग भाषणे झाली, लोकांनी बरोबर आणलेली शिदोरी सोडली. (आठच वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांनाच.)

पुढे जुने धनी परतले, सत्ता त्यांच्याकडे गेली. ज्या वेड हॅम्प्टनचे नाव बागेला दिले, तो दक्षिणेचा सेनापती आणि शेकडो गुलामांचा मालक. १९१६ साली कोणीतरी या सोहळ्याविषयी पत्राने विचारले, तेव्हा शहरातल्या गोऱ्या महिलांच्या स्मारक मंडळाने कळवले की खात्रीची माहिती मिळत नाही. दहा हजारांचा मेळावा पन्नास वर्षांत पुसला गेला! अमेरिकेत मे महिन्यात सैनिकांचा स्मृतिदिन पाळतात. त्याच्या जन्माचा मान सरकारने १९६६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटर्लू गावाला दिला. चार्ल्सटनच्या त्या दिवसाचा जुना वृत्तान्त डेव्हिड ब्लाइट या इतिहासकाराच्या हाती लागला तो १९९० च्या दशकात.

२०१० साली बागेत एक फलक लागला. कबरी मात्र तेथे नाहीत. ती प्रेते बोफोर्टच्या सरकारी दफनभूमीत केव्हाच हलवली. रेसकोर्सच्या दारचे दगडी खांब कोणी तरी जपून न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्क या शर्यतीच्या मैदानावर नेले. हुतात्म्यांची कमान उरली नाही.