खोटे श्रोते, खरी धडधड

लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या मागच्या पायऱ्या उतरून रस्ता ओलांडला, की लाल विटांची एक भारदस्त इमारत समोर उभी राहते. हे रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक. १८८३ पासून चालू असलेले. तिथे उभा असताना मला आठवली माझी धाकटी बहीण. गणेशोत्सवात भूप गाताना ऐन अंतऱ्याला तिचा आवाज बसला, आणि त्यानंतर तिने तंबोऱ्याची गवसणी काढली म्हणून नाही!

या कॉलेजात अशा भयाचीच तालीम घेतात. विद्यार्थी आधी विंगेत थांबतो, मग प्रकाशझोतात येतो. समोर पडद्यावर श्रोते. मधूनच कोणी खोकतो. कधी श्रोत्यांच्या जागी तीन परीक्षक बसतात. त्यांनी खुलायचे की कपाळाला आठ्या घालायच्या, हे यंत्र चालवणारा ठरवतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७ व्हायोलिनवादकांच्या हृदयाचे ठोके तपासले होते. वादनापूर्वीची धडधड खोट्या परीक्षकांपुढे आणि खऱ्यांपुढे जवळजवळ सारखीच निघाली. म्हणजे भीती खरी, आणि चुकलो तरी नाचक्की नाही!

घरी परतल्यावर बहिणीला हे सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “दादा, तुम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून बसाल का?”

आम्ही बसलो. गवसणी सुटल्याचा आवाज आला. अंतऱ्याला ती क्षणभर अडखळली. मागे वळून मात्र कोणी पाहिले नाही.