जवारी काढणारे हात

तंबोऱ्याच्या कामात जवारी सगळ्यात शेवटी येते आणि तीच सगळ्यात नाजूक. भोपळा, तबली, दांडी, खुंट्या असं सगळं जमून आलं, तरी तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा नीट घासलेला नसेल तर तंबोरा बोलत नाही. त्या माथ्याला अगदी अलगद उतार द्यायचा. छेडलेली तार त्या उताराला घासत राहते आणि नादात वरचे स्वर उमटू लागतात. मग तारेखाली सुताचा धागा सरकवत नाद जिथे उघडेल ती जागा शोधायची. जवारी साधली की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, जरी एकही तार गंधाराला लावलेली नसते.

ही विद्या हाताला यायला वर्षं जातात. म्हणून ती जपण्याकडे, कधी लपवण्याकडेही कारागिरांचा कल असतो. घोडी घासताना गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसणारे मी पाहिले आहेत. मला शिकवणारे चाचा मात्र मिरजेतल्या आपल्या दुकानाच्या दारात, भर उजेडात बसत. मी त्यांच्या घरातला नव्हतो की वाद्यं बनवणाऱ्या कुळातला. तरीही त्यांनी माझ्या हातात कानस दिली, वरून आपला हात ठेवला आणि किती दाब द्यायचा ते त्या हातानेच सांगितलं. तोंडाने सांगून ते कळलं नसतं.

एकदा गाणं शिकणारी एक मुलगी जुना तंबोरा घेऊन आली. चाचांनी वाद्याला हात लावायच्या आधी तिला म्हटलं, “आधी गा बघू, बाळ.” ती संकोचून गायली. आवाज गोड, पण बारीक. चाचांनी जवारी जरा बंदच ठेवली. मला खुली, झणझणीत जवारी आवडायची, तसं मी बोललो. ते म्हणाले, “तुझ्या कानाला बरं वाटून काय करायचं? गाणार ती हाय. तंबोऱ्यानं तिचा आवाज गिळला तर?” धागा केसभर मागे-पुढे करत ते तिला पुन्हा पुन्हा विचारत राहिले, “आता?” तिचा चेहरा उजळेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. पैशांचं विचारल्यावर म्हणाले, “तारांचे दे. हाताचं काय, हात घरचाच हाय.”

त्यांचं मोठेपण मला मजुरी सोडण्यापेक्षाही त्या “आता?” मध्ये जास्त दिसतं. आयुष्यभर तयार झालेला कान त्यांनी बाजूला ठेवला आणि एका नवशिक्या मुलीच्या कानावर भरवसा ठेवला. आपल्याला येतं ते दुसऱ्याच्या गरजेपुढे असं वाकवता येणं, यालाच मी दिलदारी म्हणतो.

मिरजेचं हे कामच मुळात दुसऱ्याची गरज ओळखण्यातून उभं राहिलं. एकोणिसाव्या शतकात तलवारींना धार लावायचं काम मंदावलं, तेव्हा पटवर्धन संस्थानाच्या आश्रयाने फरीदसाहेब शिकलगार वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि पुढे तंबोरे, सतारी घडवू लागले. त्यांच्या वंशजांना सतारमेकर हे आडनावच लागलं. मिरजेत राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ स्वतः तंबोऱ्याची जवारी काढत. गाणारा आणि घडवणारा एकमेकांचं ऐकत आले, म्हणून हा नाद टिकला. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन गावाच्या नावाने मिळालं असलं, तरी त्यामागे आपली विद्या मोकळ्या हाताने वाटणारी किती तरी माणसं आहेत. त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत.

चाचा आता नाहीत. पण माझ्याकडे तंबोरा आला की मी आधी गायला सांगतो, आणि ती सवय माझी नाही, त्यांची आहे. माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांनी चाचांना पाहिलेलं नाही, तरी कानस बाजूला ठेवून ती “आता?” असं विचारतात. चांगल्या माणसाचं ऋण फेडायचं म्हणजे त्याच्या तसबिरीला हार घालत बसणं नव्हे. त्याने आपल्याला जितक्या मोकळेपणाने दिलं, तितक्याच मोकळेपणाने ते पुढच्याच्या हातात ठेवायचं. माझ्या दुकानात कुणीही यावं, शेजारी बसावं आणि जवारी कशी निघते ते डोळे भरून पाहावं.