सुका आवाज

पायाने दाबायची वस्तू मी गुडघ्याने दाबतो. हंगामात मांद्र्याच्या किनाऱ्यावर गिटार घेऊन स्टुलावर बसतो तेव्हा पाय मोकळा असतो. डिचोलीला भजनात मांडी घातली की आवाजाला प्रतिध्वनी देणारं डिलेचं पेडल उजव्या गुडघ्याखाली सरकवायचं. लय टॅप करायला गुडघा आपटला की शेजारचा झांजवाला दचकतो. इतक्या वर्षांत त्याला सवय झालेली नाही.

अडचण एकच, आणि ती सुटत नाही. अभंग चढत जातो. सुरुवातीला मिनिटाला 100 मात्रा धरा. डिले 600 मिलिसेकंदांवर ठेवला की मागून येणारा आवाज नेमका मात्रेवर पडतो. गजराला पोचेपर्यंत पखवाजवाल्याने 108 गाठलेले असतात. मात्रा आता 555 मिलिसेकंदांची, पेडल मात्र जुन्याच हिशेबाने उत्तर देतं. पहिला प्रतिध्वनी 45 मिलिसेकंद उशिरा, चौथा जवळपास तिसरा हिस्सा मात्रा मागे. मी समेवर येतो आणि माझाच मागचा शब्द उंबऱ्यात ठेचकाळतो. मध्येच पुन्हा टॅप करावं, तर टेपच्या ढंगाच्या पेडलात शेपटीचा सूर क्षणभर वर सरकतो. कोमल गंधार लावलेला असतो आणि मागून भलताच ऐकू येतो. शेपटी आखूड केली, एकच प्रतिध्वनी ठेवला, गजराला डिले बंदही केला. बंद केला की आवाज एकदम अंगणातून खोलीत आल्यासारखा होतो.

हरमलला लूपवर गाणारी पोरं आहेत. एकदा यंत्राला लय दिली की रात्रभर तिच्यामागून चालतात. सफाई असते, पण लय हलत नाही, म्हणून मला ते गाणं वाटत नाही. त्यांना माझ्यापेक्षा जास्त रात्री मिळतात, तेव्हा यातला मत्सर वजा करून घ्यावा. आणि आमच्या पेडण्यातल्या दशावतारात राक्षसाला इको दिला तर समजू शकतो, हल्ली विनोदी पात्रालाही तोच देतात. कोटीचं शेवटचं अक्षर दोनदा ऐकू येतं आणि हशा जागच्या जागी विरतो. साऊंडवाल्याला सांगायला गेलो तर म्हणतो, इको नसला तर पैसे कशाचे?

मी तरी वेगळं काय करत होतो? ज्यांच्या नावाने कला अकादमी भजन स्पर्धा घेते, त्या मनोहरबुवा शिरगावकरांच्या वळणाची भजनं ऐकत मी वाढलो. तो भरदार आवाज मला हवा होता. साठी जवळ आली, दम आखडला, तसा आवाज घुमवणाऱ्या रिव्हर्बच्या डबीचा नॉब दरवर्षी कणभर पुढे गेला. कणभर म्हणून कळलं नाही, असं मी म्हणायचो. कळत होतं. आरतीनंतर कुणीतरी हमखास जवळ येई, “बुवा, गळ्यात काय घुमारा!” मी मान लववायचो. डबीचं नाव कधी काढलं नाही.

गेल्या सप्ताहात माझ्या शिष्याने माइकची वायर पेडलच्या आधीच फोडून एक फाटा आपल्या रेकॉर्डरला दिला. तुमच्या जागा शिकायच्या आहेत, म्हणाला. दुसऱ्या दिवशी मला इअरफोन दिले. सुका आवाज. तार षड्जावर टेकतो न टेकतो तोच सुटणारा श्वास, ओळीच्या अखेरीला उतरलेला सूर, शब्दाआधीची ओठांची चिकट टिचकी. जिथे मी तान घेतली असं समजत होतो, तिथे निम्मी तान रिव्हर्बने घेतली होती. पोरगं खाली बघत वायर गुंडाळत बसलं होतं.

पुढच्या एकादशीला डिले घरीच ठेवला आणि रिव्हर्ब निम्म्यावर आणला. गजर 108 वर गेला, सम समेवर पडली, झांजवाला एकदाही दचकला नाही. आरतीनंतर घुमाऱ्याचं कौतुक करायला कुणीही आलं नाही. मला वाईट वाटलं.