गाईंच्या खिंडीत मोटार

निवृत्त माणसाने परदेशी खुशाल जावे, पण तिथे भाड्याची मोटार घेऊन हिंडू नये, असे आमच्या शेजाऱ्यांचे मत होते. मी ते मानले नाही. १९९४ साली आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी मारुती ८०० आली, तेव्हापासून मोटार म्हटली की ती मी चालवायची, असा घरातला शिरस्ता. त्यातून स्कॉटलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने धावतात आणि पाहुण्याला भारतीय परवान्यावर बारा महिने गाडी चालवता येते. तेव्हा २०२३ च्या जूनमध्ये आम्ही उभयता इन्व्हर्नेसला उतरलो, ते मी चालक आणि सौ. प्रवासी, अशी वाटणी करूनच.

पहिली ठेच गाडीच्या कचेरीतच लागली. तिथल्या बाईंनी विचारले, "दुसरा चालक कोण?"

मी म्हणालो, "कोणी नाही."

सौ. म्हणाली, "आहे."

दुसऱ्या नावाचे पैसे निराळे पडत होते. पौंडाचे रुपये करून पाहण्याची खोड मला विमानतळापासूनच लागलेली, मी हळूच म्हणालो, "अगं, कशाला उगीच?"

"असू द्या हो. तुमची कंबर धरली म्हणजे?" असे म्हणत तिने पर्समधून परवाना काढला. १९९५ साली काढलेला, पण वेळच्या वेळी नवा करून घेतलेला! मला नवलच वाटले. त्या वर्षी शिकता शिकता तिने गाडीचा पत्रा वाड्याच्या दिंडीला घासला होता. तेव्हा मी रागाने नव्हे, अगदी समजुतीने म्हणालो होतो, "तू राहू दे." त्या तीन शब्दांवर अठ्ठावीस वर्षे निघून गेली होती.

पहिल्या दिवशी मी शहराबाहेरच्या एका गोल चौकाला तीन प्रदक्षिणा घातल्या. बाहेर पडायचा रस्ता दर वेळी निघून गेल्यावर कळे. सौ.ने हात जोडले. मला वाटले घाबरली, पण ती म्हणाली, "प्रदक्षिणा पुऱ्या झाल्या, आता निघायला हरकत नाही."

दुसरी फजिती सूर्याने केली. जूनमध्ये तिकडे रात्रीचे दहा वाजून गेले तरी उजेड असतो. आम्ही तळ्याकाठी निवांत बसलो. संध्याकाळ व्हायची वाट पाहत. पोटात कावळे ओरडू लागले तेव्हा घड्याळ पाहिले. गावातल्या खाणावळींच्या चुली केव्हाच विझल्या होत्या. शेवटी खोलीवर घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघाली. तळ्याकाठी वारा पडल्यावर मिज नावाची बारीक चिलटे अशी काही डसली होती, की एका हाताने दशमी आणि दुसऱ्या हाताने खाजवणे, असे ते जेवण झाले.

तिसऱ्या दिवशी ॲपलक्रॉसला निघालो. इन्व्हर्नेसपासून सुमारे ८० मैल. नावात ॲपल असले तरी गावाचा सफरचंदाशी संबंध नाही. क्रॉसन नदीच्या मुखाशी वसलेले ते गाव. तिथे जाताना 'बेलाख ना बा' नावाचा घाट लागतो. गेलिक भाषेत त्याचा अर्थ गाईंची खिंड. पूर्वी या वाटेने गुरे बाजाराला हाकून नेत. १८२२ साली इथे रस्ता बांधला. १९७० च्या दशकात किनाऱ्याने दुसरा रस्ता होईपर्यंत मोटारीने गावात जायला हीच एक वाट होती. समुद्रकाठापासून चढत चढत ती ६२६ मीटरवर जाते.

आपल्याकडचा खंडाळा, वरंधा उतरलेल्या माणसाला उंचीचे काय? पण इथे रस्ता एकाच गाडीपुरता. समोरून दुसरी आली तर काय करायचे, तर थोड्या थोड्या अंतरावर डांबर जरा रुंद केलेले असते आणि तिथे 'पासिंग प्लेस' अशी पाटी असते. जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर तिच्यात शिरायचे, उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर थांबायचे. चढणाऱ्याला शक्यतो आधी जाऊ द्यायचे. वाट दिल्याबद्दल हात वर करून आभार मानायचे. पायथ्याशी मोठी पाटी आहे : शिकाऊ चालक, फार मोठी वाहने आणि कॅराव्हॅन यांनी या वाटेला जाऊ नये. सौ.ने ती मोठ्याने वाचली. मी म्हणालो, "आपण यांपैकी कोणी नाही."

पहिला मैल मजेत गेला. वाटेत दोन मेंढ्या डांबरावर अशा पहुडल्या होत्या, जणू माजघरात वामकुक्षी करीत आहेत. मग चढ खडा झाला, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि वळणे हेअरपिनसारखी. एका वळणाच्या तोंडाशी समोरून घराएवढी व्हॅन उतरत आली. तिच्यामागे आणखी तीन गाड्या. चढणारे आम्ही, म्हणजे हक्क आमचा. पण त्या चौघांनी मागे सरायचे तरी कुठे? आमच्यामागे मात्र चाळीस पावलांवर डाव्या हाताला पासिंग प्लेस होती.

मी रिव्हर्स टाकला. गाडी डावीकडे गेली, मागचे चाक डांबरावरून खाली उतरले. घाबरून पुढचा गिअर टाकला, तो गाडी बंद. पुन्हा सुरू केली तर क्लच जळाल्याचा वास. माझे दोन्ही पाय थरथरू लागले. खाली दरी दिसत होती. मी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढून धरला होता.

"अहो, उतरा. मी घेते."

मी उतरलो. वाद घालण्याइतके बळ नव्हते. सौ.ने आसन पुढे ओढले, आरसे नीट केले, मान वळवून एकदा मागे पाहिले. चाक अलगद डांबरावर आले आणि गाडी सुतासारखी सरळ चाळीस पावले मागे जाऊन पासिंग प्लेसमध्ये उभी राहिली. व्हॅनवाल्याने जाताना हात वर केला. सौ.नेही केला. मी कड्याला टेकून उभा होतो. मला कोणी हात केला नाही.

माथ्यापर्यंत तीच चालवत गेली. तिथे धुके फाटले आणि पलीकडे समुद्रात रासे आणि स्काय ही बेटे दिसली. मी विचारले, "रिव्हर्स कुठे शिकलीस?"

"आपल्या बोळात."

आमच्या बोळात गाडी वळत नाही. सगळा बोळ उलटा पार करून बाहेर निघावे लागे. रविवारी मी गाडी काढायचो तेव्हा दोन पोरे मागे उभी करून ओरडायला लावायचो.

मग एकेक उलगडत गेले. १९९८ च्या सुमारास माझ्या आईचे गुडघे गेले होते. आठवड्यातून दोनदा तिला शेक द्यायला दीड किलोमीटरवर न्यावे लागे. मी सकाळी रिक्षाचे पैसे काढून ठेवून स्कूटरवर कचेरीला जाई, आणि आपण आईचे सारे करतो असे मला वाटे. पण आईला रिक्षात चढताना पाय उचलवेना. ती एकदा जिन्यातच रडली. त्या दिवशी सौ.ने मोटारीची किल्ली घेतली. पुढे दोन वर्षे त्याच रिक्षाच्या पैशांतून पेट्रोल भरले.

"मला का नाही सांगितलेत?"

"सासूबाई म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, काळजी करील. मग त्या गेल्या, आणि सांगायचे राहून गेले."

मी कचेरीत मित्रांना सांगत असे, की माझी मारुती आठवडाभर उभी राहून रविवारी एका झटक्यात सुरू होते! तेही आठवले, आणि बेटांकडे पाहत राहिलो.

खाली ॲपलक्रॉसला चहा घेतला. आयर्लंडहून आलेल्या एका साधूने ६७३ साली इथे मठ बांधला. त्याच्या भोवतीची सहा मैलांची भूमी अभयाची मानली जाई. पळून आलेल्याला तिथे कोणी हात लावायचा नाही. गेलिकमध्ये गावाला आजही अभयस्थान याच अर्थाचे नाव आहे. हे सौ.ला वाचून दाखवले आणि म्हणालो, "माझेही जरा चुकलेच."

ती म्हणाली, "चहा निवतोय."

उरलेले सहा दिवस आम्ही आळीपाळीने गाडी चालवली. पुण्याला परतल्यावर किल्ली खुंटीवर असते. ज्याला बाहेर जायचे त्याने ती घ्यावी. बोळातून गाडी काढायची असली की मात्र मी मागे उभा राहतो. ओरडायची गरज पडत नाही.