शेजारधर्माची शिकवणी

'शेजारधर्म' हा शब्द गेली वीस वर्षे मी समासाचे उदाहरण म्हणून फळ्यावर लिहीत आलो आहे. शेजाऱ्याचा धर्म तो शेजारधर्म, षष्ठी तत्पुरुष. मुले वहीत उतरवून घेतात आणि विषय संपतो. हा धर्म आचरायचा कसा, असा प्रश्न परीक्षेत येत नाही.

आमच्या इमारतीत मात्र तो पूर्वापार पाळला जातो. वाटीभर साखर, चमचाभर विरजण, परगावी जाताना ठेवायला दिलेली किल्ली, दिवाळीत एका घरातून दुसऱ्या घरी फिरणारी फराळाची ताटे. भांडणेही होतात, पण ती गाड्या लावण्याच्या जागेवरून, म्हणजे धर्मबाह्यच धरायची.

गेल्या वर्षी पावसाळ्यात, एका सकाळी, तळमजल्यावरचे अण्णा जिन्यापाशी कोसळले. मी तेव्हा कॉलेजात तास घेत होतो. सारे ऐकले ते संध्याकाळी. पाच मिनिटांत अर्धी इमारत खाली उतरली होती. एकीने कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी तळपाय चोळले, कोणी वारा घातला, चौघांनी चार डॉक्टरांना फोन केले. मायेला तोटा नव्हता. रुग्णवाहिका आली ती फाटकाशी आडव्या लावलेल्या मोटारीमागे खोळंबली. अण्णा गेले.

दिवस झाल्यावर सोसायटीची सभा भरली. गणेशोत्सवात यंदा ऑर्केस्ट्रा कोणता आणायचा, हा विषय होता. चौथ्या मजल्यावरच्या ताई उभ्या राहिल्या. त्यांची सारी नोकरी सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून झालेली. त्या म्हणाल्या, "हृदय बंद पडले की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. १०८ ची गाडी २०१४ पासून महाराष्ट्रात धावते आहे, पैसाही घेत नाही. पण या रहदारीतून चार मिनिटांत ती येणार कशी? मधली मिनिटे आपली आहेत. ऑर्केस्ट्रा राहू द्या. मी शिकवते."

दोघांनी राजीनामे दिले, एकाने परत घेतला, आणि शिकवणी सुरू झाली.

सरावासाठी ताईंनी कोठूनशी एक बाहुली मिळवली. तिची कथा मोठी चटका लावणारी आहे. छाती दाबून रक्त फिरते ठेवण्याची रीत १९६० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून जगापुढे आली. आणि ती मांडणाऱ्या तिघांतले वडीलधारे विल्यम कूवेनहोवन हे डॉक्टर नव्हतेच, विजेचे अभियंते होते! त्याच सुमारास नॉर्वेतल्या ऑस्मुंड लेर्डाल या खेळणी करणाऱ्याने सरावाची बाहुली घडवली. तिला चेहरा दिला तो एका अनामिक तरुणीच्या मुखवट्यावरून. ती पॅरिसच्या सेन नदीत बुडाली, असे सांगतात. जिला वाचवायला कोणी नव्हते, तिच्याच चेहऱ्याकडे पाहत जग दुसऱ्याला वाचवायला शिकते!

छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटीमीटर खोल दाबायची. कोणी आरतीच्या टाळ्यांची लय सुचवली. ताईंनी घड्याळ लावून पाहिले. आमची आरती फारच सावकाश निघाली.

"आणि पोलिसांचे झेंगट?" तिसऱ्या मजल्यावरच्या नानांनी विचारलेच. ताईंजवळ त्याचेही उत्तर होते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. रस्त्यावरच्या अपघातात जखमीला सद्हेतूने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिले आहे. नाना वरमले, आणि दुसऱ्या दिवशी सर्वांआधी येऊन बसले.

मीही थोडे वाचन केले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ज्यू वस्तीतल्या लोकांनी १९६० च्या दशकात 'हत्झोला' नावाचे पथक उभारले. हत्झोला म्हणजे सुटका, बचाव. तिथले दुकानदार, कारकून हाक आली की हातातले काम टाकून शेजारी धावतात. गल्ली त्यांच्या पायाखालची असते, म्हणून गाडीच्या आधी पोचतात. आमचा व्याप एवढा मोठा नाही. आमच्याकडे फक्त कामे वाटलेली आहेत. दोघे छाती दाबणारे, एक १०८ ला पत्ता नीट सांगणारा, एक लिफ्ट धरून ठेवणारा, आणि फाटकाची वाट मोकळी करणारा रखवालदार.

यादीत पहिले नाव घातले ते अण्णांच्या मंडळींनी. काकू म्हणाल्या, "मला गुडघ्यांनी खाली बसवत नाही. पण मला लिहिता येते. वेळ टिपून ठेवायचे काम माझे."

हे कसले काम, असे काहींना वाटले. नवरात्रात एका रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या आजी जेवताना अडखळत बोलू लागल्या. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला. सुनेने शिकवणीत ऐकलेले ओळखले. कांदा कोणी फोडला नाही. गाडी आली तेव्हा फाटक उघडे होते, लिफ्ट खाली होती. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटच्या चांगल्या बोलल्या त्या केव्हा?" सुनेने काकूंची चिठ्ठी पुढे केली : ८ वाजून ४० मिनिटे. मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. ती चिठ्ठी नसती तर त्या गोंधळात कोणाला वेळ आठवली असती? आजी आता घरी आहेत आणि फराळाच्या चकल्यांना नावे ठेवण्याइतक्या स्पष्ट बोलतात.

माया आपल्याकडे मुबलक आहे. तिचे हात तेवढे शिकवून तयार करावे लागतात. नाहीतर ती कांदा हुंगवीत बसते.

आमच्या फलकावर पूर्वी थकबाकीदारांची यादी तेवढी असे. आता तिच्या शेजारी या पथकाची यादी लागली आहे. दोन नावे दोन्हीकडे आहेत. पण त्यांच्याकडे तगादा लावताना सेक्रेटरींचा आवाज हल्ली जरा मऊ येतो.