मिलिमीटरचा हिशेब

दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं म्हणणाऱ्या माणसाशी माझं कधी पटलं नाही. वेडेवाकडे दात तारा लावून ओळीत आणणं हा माझा व्यवसाय. वरचे पटाशीचे दात खालच्यांपेक्षा दोनेक मिलिमीटर पुढे असावेत आणि साधारण तितकंच त्यांना झाकून असावेत, हे कॉलेजात एकदा डोक्यात बसलं की जात नाही. लग्नाच्या पंगतीत समोरचा हसला तरी माझी नजर आधी त्याचे वरखालचे दात कसे बसतात तिकडे जाते. अशा बाईनं पेशंटला ‘हलले दात तर हलू देत’ असं सांगणं म्हणजे सोनारानं तराजू बाजूला सारण्यासारखंच. पण हल्ली मी ते सांगते.

हे पेशंट म्हणजे झोपताना नाकातोंडावर मास्क लावणारे, ‘मशीनवाले’. घोरता घोरता घसा मिटतो, श्वास दहा-दहा सेकंद, कधी त्याहून जास्त अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागा करतो. तासाला तीसच्या वर हे घडत असेल तर स्लीप अ‍ॅप्निया तीव्र म्हणतात. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. फक्त दिवसभर डोळे जड. यावरचा उपाय सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला : नाकावाटे हवेचा हलका दाब सतत देत राहायचा, म्हणजे घसा मिटत नाही. सुरुवातीच्या काळात व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरत आणि मास्क रोज रात्री चेहऱ्यावर चक्क चिकटवत. पट्टे नंतर आले. माझ्या दृष्टीनं सगळी भानगड पट्ट्यांचीच.

निफाडकडचे एक टेम्पोमालक पुढच्या दाताचा टवका उडाला म्हणून माझ्याकडे आले. वरचे दात आत कलले होते, खालच्यांवर कडेला कड टेकत होती, म्हणून टवका. मोबाइलमधला काही वर्षांपूर्वीचा हसरा फोटो त्यांनीच काढून दाखवला. त्यात दात असे नव्हते. गालांवर पट्ट्यांचे वळ दुपारपर्यंत उमटलेले. मी सांगितलं, हा मास्कचा प्रताप आहे, डॉक्टरांना विचारून दुसरा काही उपाय बघा. त्यावर ते म्हणाले, “मॅडम, दाताचं काय करायचं ते करा. पण भाजी घेऊन वाशीला जाताना कसाऱ्याच्या घाटात स्टिअरिंगवर डोळा लागायचा, तो आता लागत नाही. मशीन सोडा एवढं सांगू नका.”

या एका वाक्यानं माझं मत फिरलं असं लिहिलं तर गोष्ट छान होईल. प्रत्यक्षात मी जरा चिडलेच होते. दातांच्या बाईसमोर दातांना इतकं खाली बसवलेलं कुणाला आवडेल? चिडूनच वाचायला बसले, माझंच बरोबर आहे हे पक्कं करायला.

हवेनं दात हलत नाहीत, हे आधी स्पष्ट झालं. मशीनचा दाब चार ते वीस सेंटिमीटर पाण्याइतका असतो. दहा धरला तर एका चौरस सेंटिमीटरवर दहा ग्रॅम. पण मास्कचं तोंड तीस चौरस सेंटिमीटरचं धरा : आतली हवा त्याला तीनशे ग्रॅमनं बाहेर ढकलते, म्हणजे पट्ट्यांना निदान तेवढं ओढून धरावंच लागतं. त्यात कडेनं हवा गळून डोळ्यात जायला लागली की माणूस झोपेतच पट्टा आणखी आवळतो. मास्कची खालची कड बसते वरच्या ओठावर आणि ओठामागे असतात पटाशीचे दात. हा जोर सगळ्या कडेवर वाटला जातो हे खरं, पण एक दात कलवायला आम्हाला पन्नासेक ग्रॅम पुरतात.

जोरापेक्षाही वेळ महत्त्वाचा. अमेरिकेतले ऑर्थोडॉन्टिस्ट विल्यम प्रॉफिट यांनी १९७८ साली हे नीट मांडलं होतं : हलका जोरही रोज साधारण सहा तास टिकला तर दात सरकू लागतो, जेवताना पडणारा मोठा जोर क्षणाचा, त्यानं काही होत नाही. आता गंमत बघा. छातीचे डॉक्टर सांगतात मास्क रात्रभर ठेवा. म्हणजे सांगितलेलं निमूट ऐकणाऱ्या पेशंटच्या दातांना धोका जास्त, आणि मध्यरात्री मास्क काढून फेकणाऱ्याचे दात जागच्या जागी.

जपानमधल्या ४६ पेशंटचा एक अभ्यास २०१० साली ‘चेस्ट’मध्ये छापून आला. सगळे किमान दोन वर्षं नाकाचा मास्क वापरणारे. आधीचे आणि नंतरचे डोक्याचे एक्सरे जुळवून पाहिले तर वरचा जबडा पुढच्या बाजूनं किंचित मागे गेलेला, वरचे पटाशीचे दात आत कललेले, हनुवटीही थोडी मागे. किती वर्षं वापरलं याच्याशी बदलाचा मेळ मात्र बसला नाही. टेम्पोवाल्या काकांचा चेहराच जणू त्या पानावर होता, आणि माझं बरोबर ठरलं म्हणून मी खूश झाले.

त्याच अभ्यासात एक साधं विधान होतं. त्या ४६ जणांपैकी एकानंही आपले दात किंवा चेहरा बदलल्याची तक्रार केली नव्हती. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं, लोकांचं आरशाकडे लक्षच नसतं. पुन्हा वाचताना वाटलं, ज्याचं तोंड आहे त्याला जे जाणवत नाही, ते मी कुणासाठी जपत बसले आहे?

दुसरा धक्का आमच्याच दुकानातल्या मालाचा. मास्क नको असलेल्यांना आम्ही दातांचे डॉक्टर एक उपकरण देतो. दोन्ही जबड्यांवर बसतं, खालचा जबडा पुढे ओढून धरतं, त्यामुळे घसा उघडा राहतो. आजार सौम्य किंवा मध्यम असेल तर ते चांगलं काम करतं, खिशात मावतं, आवाज नाही. पण ते दातांनाच धरून असतं. व्हँकुव्हरच्या संशोधकांनी ते सरासरी अकरा वर्षं वापरणाऱ्या ७७ जणांचे दात मोजले आणि २०१४ साली आकडे दिले : वरच्या दातांचं खालच्यांना झाकणं सरासरी २.३ मिलिमीटरनं कमी झालेलं, पुढे असणं १.९ मिलिमीटरनं. म्हणजे दात सांभाळायचे म्हणून मास्क सोडून मी जे हाती देणार, त्यानंही दात हलणारच, आणि ते मुकाट्यानं हलणार. आपल्या हातानं बनवलेल्या वस्तूचा दोष माणूस सौम्य शब्दांत सांगतो. मीही ‘थोडंफार ॲडजस्ट होतं’ असंच सांगत आले होते.

यानंतर मी मशीनवाल्यांच्या तोंडात वेगळ्या नजरेनं बघू लागले, आणि तोवर दुर्लक्षलेली गोष्ट दिसली : कीड. वरच्या सपाटीवरची नेहमीची नव्हे, हिरडी उतरून उघड्या पडलेल्या मुळांभोवती गोल फिरलेली, तपकिरी, मऊ. अशी दाढ एक दिवस हिरडीच्या रेषेतून कडकन तुटते. हलून आत कललेला दात निदान तोंडात राहतो.

कारण लाळ. लाळ आम्ल मारते, तिच्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दाताची झीज भरून काढतं. झोपेत ती निसर्गतःच जवळजवळ थांबते. त्यात नाकाला मास्क आणि तोंड उघडं असेल तर नाकातून गेलेली हवा रात्रभर तोंडातून वाहत राहते. तोंडातला सामू ५.५ च्या खाली गेला की दातावरचं कवच विरघळू लागतं; मुळावर तर हे कवच नसतंच, मूळ त्याआधीच मऊ पडतं. शिवाय यातले बरेच पेशंट पन्नाशी ओलांडलेले, मधुमेही, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे. त्यांचं तोंड दिवसाही कोरडंच. न्यायानं हेही सांगायला हवं की मशीन नसताना हीच माणसं तोंड वासून घोरत होती आणि सकाळी तेव्हाही घसा कोरडाच असायचा. नाकाचा मास्क नीट बसला आणि तोंड मिटलं तर कोरडेपणा उलट कमीही होतो.

आणि या कोरडेपणावर आपल्या घराघरातला उपाय काय? उशाशी खडीसाखर. रात्री जाग आली की एक खडा गालात. कुणी लवंगेच्या गोड गोळ्या, कुणी मध. लाळ नसलेल्या तोंडात रात्रभर साखर! मी तर म्हणेन, मास्कनं जितके दात घालवले नसतील तितके उशाशी ठेवलेल्या त्या डबीनं घालवले असतील. याला पुरावा माझ्या खुर्चीत बसलेल्या तोंडांपलीकडे काही नाही, पण मी हे ठासून सांगते.

त्यामुळे आता मशीनवाला आला की मी मोजपट्टी काढायच्या आधी चौकशा करते. मशीनला पाणी गरम करणारी टाकी आहे का, आणि ती भरता का? नाक चोंदतं का? चोंदत असेल तर कान-नाक-घसावाल्याकडे आधी. जबडा रात्री उघडा पडतो का? उशाशी काय आहे? रात्री ब्रश केल्यावर फेस थुंकायचा, चूळ भरायची नाही, पेस्टमधलं फ्लोराइड राहू द्यायचं. मुळं उघडी असतील तर जास्त फ्लोराइडची पेस्ट लिहून देते. पट्ट्यांचं सांगते : आडवं पडून, मशीन चालू करून बसवा, बसल्या बसल्या नाही. गळतंय म्हणून आवळत सुटू नका, मास्कचं माप तपासा. जमलं तर नाकपुड्यांत बसणारी छोटी उशी वापरून बघा, तिची कड ओठावर टेकत नाही. टेम्पोवाल्या काकांना तीच जमली. टवका भरून दिला. दात मी ओळीत आणले नाहीत, त्यांनीही मागितलं नाही.

मोठ्या माणसांपुरतं माझं मत बदललं, ते इतकं. वाढीच्या मुलांबाबत मात्र मी जुन्या जागेवरच उभी आहे, किंबहुना जास्त हट्टानं. मुलांना बहुतेक वेळा टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड काढून बरं वाटतं. पण डाउन सिंड्रोम, जन्मतः लहान जबडा, फार वाढलेलं वजन अशा काहींना मास्क लागतोच. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००० सालीच सावध केलं होतं की वर्षानुवर्षं मास्क वापरलेल्या मुलाच्या चेहऱ्याचा मधला भाग वाढत नाही, आत बसतो. मला यात नवल वाटलं नाही. पुढे वाढणारा वरचा जबडा रोखायला आम्ही मुलांच्या डोक्याला पट्टा बांधतो, त्याला हेडगिअर म्हणतात, आणि बारा-चौदा तास लावायला सांगतो. आम्ही जे ठरवून, मोजून करतो, तेच मास्क न मोजता करतो. तिथे दोन मिलिमीटर आयुष्यभराचे असतात. म्हणून मूल मशीनवर असेल तर मी सहा-सहा महिन्यांनी बाजूनं फोटो काढते, ठसे घेते, कड ओठावर येणारा आणि न येणारा असे दोन मास्क आलटून पालटून मागते, आणि त्याच्या छातीच्या डॉक्टरांना फोन करते. त्यातले एक-दोघे माझा नंबर बघून उचलत नाहीत असा मला संशय आहे.